आंघोळ करून आलेली चिमणी

आमच्या बालवर्गातली मुलं चतुराबाईंना मावशी म्हणत. त्यांची नात श्रेया शाळेत आली, तेव्हा तिलाही त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "फाटकाच्या आत मी मावशी. फाटकाच्या भाईर आज्जी." श्रेया चार वर्षांची होती. तिने हा नियम फार काटेकोरपणे पाळला. मधल्या सुट्टीत फाटकाच्या फटीतून एक पाय बाहेर टाकून ती मोठ्याने ओरडायची, "आज्जे!" मग पाय आत घेऊन साळसूदपणे म्हणायची, "मावशी, पाणी द्या."

ही दोन हजार बारा सालची गोष्ट. शाळा म्हणजे शहराच्या गारखेडा भागातल्या एका बंगल्याचा तळमजला. वर चारुता मॅडम राहत, शाळा त्यांचीच. खाली तीन खोल्यांत तीन छोटे वर्ग, मिळून तेवीस मुलं, मागे मोरी, पुढे फरसबंद अंगण. आजूबाजूला रिकामे प्लॉट झपाट्याने भरत होते. आज ज्या प्लॉटवर मुलं फुलपाखरं बघत, तिथे पुढच्या वर्षी चार मजले उभे असत आणि मुलं त्यांच्या लिफ्टबद्दल बोलत. मी तिथे मधल्या वर्गाला शिकवत असे.

चतुराबाई करमाडच्या पुढच्या एका वाडीतल्या. शेंद्र्याला कारखाने आले तशी तिकडची बरीच घरं शहराकडे सरकली, त्यांत हेही एक. मुलगा सोमनाथ कंपनीत लागला, सून द्वारका घर सांभाळू लागली आणि चतुराबाई आमच्याकडे आल्या. नवरा कडूबा मात्र गावीच राहिले. "शहरात थुकायला जागा नाय म्हणतेत," चतुराबाई सांगत. "म्या म्हणलं, नका थुकू. तर तेही जमंना."

अशा बोलत त्या. मुलांना रांगेत उभं करताना म्हणत, "गुड मॉर्निंग म्हण, पण आधी नाक पूस. शेंबडाचं गुड मॉर्निंग मॅडम घेत नसतेत." कोणाच्या डब्यात भाजी उरते, कोणाचं पोट सकाळी दुखतं आणि कोणाचं खोटं दुखतं, हे त्यांना पाठ होतं. अक्षरओळख नव्हती, पण तेवीस दप्तरांपैकी कुठलं कोणाचं हे त्या वासावरून सांगत असाव्यात, असं मला वाटे.

नाताळ करायचा हा मॅडमचा आग्रह. पालक विचारत, फोटो मागत. पहिल्या वर्षी शहागंजच्या बाजारातून प्लास्टिकचं झाड आणि काचेचे रंगीत गोळे आणले होते. मुलांनी दहा मिनिटांत झाड पाडलं. गोळे फुटून अंगणभर काच झाली. चतुराबाईंनी सगळ्या मुलांना ओट्यावर बसवलं, वरून मॅडमकडून कणीक मागून घेतली, तिचा गोळा मळला आणि अंगणभर तो गोळा टेकवत टेकवत काचेचा कण न् कण टिपला. शेवटी तो चमचमता गोळा वर धरून म्हणाल्या, "हे घ्या तुमचं नाताळ."

पुढच्या वर्षी झाड त्यांनीच आणलं. रस्ता करणाऱ्यांनी टाकून दिलेलं डांबराचं अर्धं पिंप, त्यात गावची माती आणि मोरपंखीचं गुडघाभर रोप. "झाड खरं पाहिजे," त्या म्हणाल्या. "वारं आलं तर हाललं पाहिजे." मग त्यावर टांगायचं काय? मॅडमना चांदण्या आणि घंटा हव्या होत्या. चतुराबाईंना कापडाच्या चिमण्या येत. गावाकडे पाळण्यावर आणि दारावर लावतात तशा. आत कापूस, चोचीला लाल दोरा, डोळ्याला काळा मणी. मॅडम म्हणाल्या, "अहो, ख्रिसमस ट्रीवर चिमण्या?"

"झाड म्हणलं की पाखरं आलीच की. चांदणी कधी झाडावर बसती का?"

तेव्हापासून आमच्या शाळेची ती रीतच झाली. डिसेंबर लागला की प्रत्येक मुलाने आईच्या जुन्या साडीचा वीतभर तुकडा आणायचा. चतुराबाई त्याची चिमणी शिवत. सजावटीच्या दिवशी प्रत्येकाने आपली चिमणी आपल्या हाताने टांगायची आणि सुट्टीनंतर घरी न्यायची. मुलं झाडाभोवती फिरून एकमेकांना आया दाखवत. "ही माझी आई. ही देवेशची आई. ही जाडी आहे, कापूस जास्त झालाय."

दोन हजार बाराच्या मे महिन्यात द्वारका गेली. कावीळ झाली होती. आधी गावाकडचं औषध केलं, मग दवाखाना केला. तीन आठवड्यांत सगळं संपलं. सव्वीस वर्षांची होती. मी तिला दोनदाच पाहिलं होतं. उंच, हसताना तोंडावर पदर धरणारी. दहाव्याला सवाष्णीच्या रीतीप्रमाणे तिच्या साड्या सवाष्णींना वाटल्या, अंगावरची नदीला सोडली. "घरात तिची पिनसुद्धा ठिवली नाय," चतुराबाईंनी मला जूनमध्ये सांगितलं. आज पाणी आलं नाही असं सांगावं, तसं.

शाळा सुरू झाली त्या दिवशी त्या श्रेयाचं बोट धरून हजर होत्या. झाडणं, पुसणं, डबे, मोरी, दप्तरं, सगळं पूर्वीसारखं. एकही काम चुकलं नाही. फक्त बोलणं थांबलं होतं. विचारलं तर उत्तर देत, पण मधे थोडा वेळ जाई, फोन लांबचा लागल्यासारखा. नाक पुसत, पण नुसतंच पुसत. सकाळी अकराला मी त्यांच्यासाठी चहाचा कप कट्ट्यावर ठेवत असे. तासाभराने बघावं तर त्यावर साय धरलेली. मग त्या तो तसाच, सायीसकट, एका दमात पिऊन टाकत आणि कप धुऊन ठेवत. मी म्हणे, "गरम करून घ्या ना." त्या म्हणत, "सारखंच हाय." त्यांना मी रडताना पाहिलं नाही. सोमनाथनेही पाहिलं नव्हतं. श्रेया मात्र रडे, हट्ट करे, पडे, हसे. चार वर्षांच्या मुलीने करावं ते सगळं करत असे.

त्या साली पाऊस आलाच नाही म्हटलं तरी चालेल. दिवाळीपर्यंत जायकवाडीचं पाणी तळाला गेलं होतं. नळ चौथ्या दिवशी, कधी पाचव्या. आजूबाजूच्या नव्या इमारतींनी बोअर खोल खोल नेले आणि आमचा आटला. मग आमच्याकडे टँकर येऊ लागला. पिण्याचं पाणी चतुराबाई एका स्टीलच्या पिंपात भरत. त्याच्या तोंडाला दुहेरी फडकं बांधायचं, पाइप त्यावर धरायचा, मग पाण्यात तुरटी फिरवायची. संध्याकाळी ते गाळणं धुऊन कुंपणाच्या भिंतीवर वाळत टाकायचं. टँकरच्या गाळाने ते चहाच्या फडक्यासारखं तपकिरी झालं होतं. गाळण्याने गाळ जातो, कावीळ जात नाही, हे मला ठाऊक होतं. त्यांनाही असावं. पण गाळण्याची गाठ त्या दोनदा ओढून बघत.

मोरपंखीला मुलांच्या हात धुण्याचं पाणी मिळे. मोरीशी बादली ठेवलेली असे आणि मुलं आळीपाळीने मगभर पाणी झाडाला घालत. तरी अंगणाच्या भिंतीकडची झाडाची एक बाजू करपून गेली होती.

आता माझी चूक सांगते. दरवर्षी मी एकच चिठ्ठी झेरॉक्स काढून सगळ्यांच्या डायरीला टाचत असे: 'सजावटीसाठी आईच्या जुन्या साडीचा वीतभर तुकडा पाठवावा.' त्या वर्षीही काढली. तेवीस चिठ्ठ्या, तेवीस डायऱ्या. टाचणी लावताना मी श्रेयाचं नाव वाचलं असणार. वाचून पुढे गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोमनाथ कंपनीच्या निळ्या गणवेशात फाटकाशी उभा होता. हातात चिठ्ठी. चिडलेला नव्हता, संकोचला होता.

"बाई, हे पोरीनं दाखवलं. घरात तर आता काहीच नाय."

मी म्हणाले, "सोमनाथ, माझं चुकलं. सवयीनं टाचली गेली. ती चिठ्ठी फाडून टाका."

"फाडली असती. पण पोरगी रातभर एकच म्हणू राहिली, माझी चिमणी, माझी चिमणी." त्याने आवाज खाली आणला. "एक हिरवी साडी करमाडला सरूबाईला दिली होती. आमच्या भावकीतलीच हाय ती. जाऊन तुकडा आणतो, तिला काय वाटणार नाय."

चतुराबाई मागे खराटा घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "दिलेलं मागत नसतेत."

"आई, वीतभर तर पाहिजे."

"वीतभर मागितलं तरी ते मागणंच."

"पोरीसाठी..."

"गेलेल्याच्या नावानं दिलंय ते. जा तू, बस चुकंल."

सोमनाथ गेला. मी चतुराबाईंना म्हणाले, "या वर्षी चिमण्याच नकोत. चांदण्या करू. मॅडमनाही आवडेल." त्यांनी मान हलवली, नाही म्हणून. बाकीच्या बावीस मुलांचे तुकडे यायला लागलेच होते. मग मी दुसरी चूक केली. म्हणाले, "माझ्या साडीचा तुकडा देते. तिला कळणार नाही."

त्यांनी अंगणाचा एक कोपरा झाडून संपवला, मग म्हणाल्या, "ती इचारंल, ही कोणती साडी, आईनं कधी नेसली होती. मंग मला बनवून सांगावं लागंल. एकदा सांगितलं की रोज सांगावं लागंल. माझ्यात तेवढं नाय राहिलं, बाई."

मी त्यांना विचारलं, हे काम यंदा दुसऱ्या कोणाला देऊ का? घरात दुखवट्याचं वर्ष होतं. दिवाळीला त्यांच्या दारात पणती लागली नव्हती, मी नेलेला फराळाचा डबा तेवढा श्रेयाने खाल्ला होता. त्या म्हणाल्या, "हा सण आमचा नाय. आमचा असता तर यंदा हात लावला नसता. ह्याला कुणी नावं ठिवणार नाय." आणि त्यांनी सुई ओवली.

आठवडाभर दुपारी मुलं गेली की त्या ओट्यावर बसून चिमण्या शिवत. पूर्वी चिमणी शिवताना त्या त्या मुलाची आई त्या हुबेहूब बोलून दाखवत. स्वरदाच्या आईची घाई, देवेशच्या आईचं 'ॲक्च्युअली'. आता सुई आत, सुई बाहेर. चिमण्या मात्र चांगल्या होत होत्या. टाके एकसारखे. बावीस झाल्या. तेविसावीबद्दल त्या बोलल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही. श्रेया रोज टोपली उपसून मोजायला बसे. तिला वीसपर्यंतच येत होतं, त्यामुळे आपली नाही हे तिला मोजून कळत नव्हतं. ती रंग बघे.

सजावटीच्या दोन दिवस आधी टँकर आला. चतुराबाई पिंपावर गाळणं बांधून पाइप धरून उभ्या होत्या. मुलं पेले घेऊन रांगेत. श्रेया रांग सोडून माझ्याकडे आली आणि साधेपणाने म्हणाली, "मिस, ही आईची साडी हाय."

"कुठली गं?"

"पिंपावरची."

मला वाटलं, मुलीला आता सगळीकडे आईच दिसते आहे. मी म्हणाले, "ते गाळणं आहे, बाळा."

"गाळणंच. पण आईची साडी हाय. आतून पिवळे ठिपके हायेत. जत्रंतली."

मी पिंपाजवळ गेले. गाळण्याची कड दुमडून शिवलेली होती. नखाने ती थोडी उलगडली. जिथे गाळ पोचला नव्हता तिथे बोटभर हिरवा रंग होता आणि त्यावर मोहरीएवढे दोन पिवळे ठिपके.

मी चतुराबाईंकडे पाहिलं. पाइप जड असतो, त्यांचे दोन्ही हात त्यात गुंतलेले होते.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"मीच तर आणलं होतं मागल्या उन्हाळ्यात. शाळंत गाळणं नाय म्हणलं, तर तिनंच फाडून दिलं. दुहेरी करून, कडा शिवून. साडी एका टोकाला इरली होती, पण बाकीची चांगली होती, म्हणून ठिवली." त्यांनी पाइप दुसऱ्या हाताने पेलला. "ती बाकीची सरूबाईकडं गेली."

म्हणजे घरातून तिची पिनसुद्धा काढून टाकली, तेव्हा हा हातभर तुकडा शाळेच्या भिंतीवर वाळत पडला होता. गेले सात महिने त्या तो रोज बांधत होत्या, रोज सोडत होत्या, रोज धूत होत्या.

"मग यातलीच चिमणी..." मी म्हणाले.

"पाणी कशानं गाळू?" त्या म्हणाल्या. ते प्रश्नासारखं नव्हतं.

मी घरून दुसरं फडकं आणून देऊ शकत होते. देते म्हणालेही. त्या म्हणाल्या, "बघू." पण ते आणलेलं फडकं दुसऱ्या दिवशी घडीसकट कट्ट्यावर तसंच होतं. तेव्हा मला कळलं की प्रश्न पाण्याचा नव्हता. आता त्यांच्याकडे तिचं एवढंच होतं, तेही घराबाहेर, कामाच्या नावाखाली. कात्री लावली की तेही कमी होणार होतं.

सजावटीचा दिवस उजाडला. चारुता मॅडमनी लाल साडी नेसली होती आणि त्या फोटो काढत होत्या. मुलांना कापूस वाटला, बर्फ करायला. देवेश करपलेल्या बाजूला कापसाचे मोठे मोठे गोळे लावत होता.

"देवेश, अरे किती!"

"मिस, बर्फ वितळला की त्याचं पाणी होतं ना? मग झाडाला पाणी मिळेल."

"हा खोटा बर्फ आहे," स्वरदा म्हणाली. ती वर्गातली सगळ्यांत शहाणी. "खरा आभाळातून पडतो."

"आभाळातून तर पाणीपण पडत नाही."

"सांता आणेल."

"सांता टँकरमधून येतो का?"

यावर दोन गट पडले. टँकरचा ड्रायव्हर आणि सांता यांच्यात कोणाची दाढी मोठी, यावर बराच वेळ चर्चा चालली. मॅडमना हसू आवरेना. चतुराबाई पायरीवर बसून टोपलीतली एकेक चिमणी काढत, दोऱ्याची गाठ तपासत आणि नाव पुकारत. नाव पुकारलं की मूल पळत येई, चिमणी घेई आणि झाडाकडे जाई. वरच्या हिरव्या फांद्या आधी भरल्या. "शंतनू." "स्वरदा." "देवेश." टोपली रिकामी झाली.

श्रेया रांगेच्या शेवटी उभी होती. तिने टोपलीत वाकून पाहिलं, मग टोपली उचलून तिच्या खालीही पाहिलं. स्वरदा म्हणाली, "माझी अर्धी घे."

देवेश म्हणाला, "अर्धी चिमणी मरते."

मुलं कापसाकडे वळली. मॅडमनी फोन खाली केला. मी पुढे व्हायला निघाले होते, तेवढ्यात श्रेया वळून पाण्याच्या पिंपाकडे गेली. पिंप तिच्यापेक्षा उंच. ती त्याला टेकून उभी राहिली, हात वर करून गाळण्याची लोंबणारी कड धरली आणि म्हणाली, "मावशी, माझी ह्यातली."

चतुराबाई पायरीवरून उठल्या नाहीत. "पाणी कशानं गाळू मंग?"

"उरलेल्यानं," श्रेया म्हणाली.

तिला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. तुकडा कापला की बाकीचा उरतो, हे तिने आठवडाभर टोपलीशेजारी बसून पाहिलं होतं. चतुराबाई तिच्याकडे बघत राहिल्या. नेहमीचं उत्तराआधीचं ते अंतर होतं, पण त्या दिवशी लांबलं. मग त्या उठल्या. गाठ सोडली. मगभर पाण्यात गाळणं खळबळून पिळलं, ते गढूळ पाणी मोरपंखीच्या बुंध्याशी ओतलं. कात्री मागितली. एक कोपरा, वीतभराला थोडा कमी, सरळ कापला. ओलं फडकं शिवायला अवघड असतं, सुई ओढली जात नाही, तरी त्या पायरीवर बसून शिवत राहिल्या. बाकीची मुलं कापूस सोडून भोवती जमली.

"मावशी, ही ओली आहे."

"व्हय."

"ओली का आहे?"

उत्तर स्वरदाने दिलं, "ती आंघोळ करून आली."

तेव्हा शहरात कितीतरी घरांत एक दिवसाआड आंघोळ होती. मुलांना ते ठाऊक होतं. एक क्षण सगळ्यांनी त्या मळक्या, ओल्या चिमणीकडे आदराने पाहिलं. श्रेयाने ती हातात घेतली. चिमणी तपकिरी होती. पोटाशी, जिथे कडेची दुमड उसवली होती, तिथे हिरवी रेघ आणि एक पिवळा ठिपका. श्रेयाने मान वर केली.

"माझी आंघोळ करून आली," ती म्हणाली. "तुमच्या सगळ्या पारोशा!"

मॅडम तोंड फिरवून हसल्या, मग त्यांनी डोळे पुसले. देवेशला ते फार लागलं. तो आपली चिमणी उतरवून मोरीकडे पळाला आणि त्याला धरून आणावं लागलं. श्रेयाने झाडाला एक फेरी मारली. वर जागा नव्हती. करपलेल्या बाजूच्या खालच्या फांदीवर तिने चिमणी टांगली. "इथं कोणीच नव्हतं," ती म्हणाली.

मी चतुराबाईंकडे बघत होते. खरं सांगायचं तर मी वाट बघत होते. इतक्या महिन्यांनंतर आज तरी काही होईल असं मला वाटलं होतं. काही झालं नाही. त्यांनी उरलेल्या गाळण्याची कापलेली कड दुमडली, तिला चार बोटं टाके घातले, दोरा कात्रीने तोडला आणि गाळणं पिंपाला बांधलं. आता ते जेमतेम पुरत होतं. गाठ दोनदा ओढून पाहिली. कट्ट्यावरचा सायीचा चहा एका दमात प्यायल्या आणि अंगणातला कापूस झाडायला घेतला.

सुट्टीनंतर मुलं चिमण्या घेऊन गेली. श्रेया आपली उतरवायला लागली तेव्हा चतुराबाईंनी तिचा हात धरला. "ती ऱ्हाऊ दे. गेलेल्याचं घरी आणत नसतेत. वरीस सरू दे."

"मंग तिला कोण बघंल?"

"मी हाय ना हितं."

असं ते झाड जानेवारी ते मे उभं राहिलं, एका चिमणीसह. नवे पालक प्रवेशाला येत, झाडाकडे बघत आणि विचारत, ही एकच काढायची राहिली का? मी हो म्हणत असे. उन्हाळ्यात पाणी आणखी कमी झालं, शाळेला सुट्टी लागली, पण चतुराबाई रोज सकाळी येत. घरून धुण्याचं उरलेलं पाणी बाटलीत आणत आणि झाडाला घालत. चिमणीला हात लावत नसत. फांदी वाऱ्याने वळली तर तेवढी सरळ करत.

मे महिन्यात द्वारकाचं वर्षश्राद्ध झालं. त्याच्या दुसऱ्या दिवशी मी दाखल्यांच्या कामासाठी शाळेत होते. चतुराबाई आल्या, बरोबर श्रेया. मी सवयीने चहाचा कप कट्ट्यावर ठेवला. त्यांनी झाडाला पाणी घातलं, खाली बसून चिमणीचा दोरा सोडला, चिमणी उलटी करून बघितली.

"बाई, हिचं पोट उसवलंय. कापूस हाय का?"

मी कपाटातून कापूस काढून दिला. त्या पायरीवर बसल्या, पोटात कापूस भरला, दोन टाके घातले आणि दोरा दाताने तोडला. पूर्वी तोडत तसा. मग कप तोंडाला लावला आणि लगेच खाली ठेवला.

"च्या लई गार झाला हो, बाई. जरा ऊन करता का?"

मी कप घेऊन आत गेले. गॅस पेटवायला मला दोन काड्या लागल्या. चहा गरम करून आणला तेव्हा श्रेया फाटकाच्या बाहेर उभी होती, चिमणी मुठीत धरून. बाहेर होती म्हणून "आज्जे, आज्जे, चल" असं हक्काने ओरडत होती. चतुराबाईंनी फुंकर मारत चहा संपवला. निघताना पिंपाशी थांबल्या. गाळण्याचं फडकं आता कडेला विरलं होतं. मला वाटलं, तेही सोडून नेतील. मी म्हणालेही, "हे न्यायचं का? आता हरकत नाही."

त्यांनी गाठ दोनदा ओढून पाहिली.

"नगं," त्या म्हणाल्या. "पाणी अजून गढूळच येतंय."